मोटरहोममध्ये पलंग सहा, सीटबेल्ट चार... कोण कुठे बसणार? शिवाय मागे कार ओढायचीय

रानवाटा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

आम्ही सेकंडहँड मोटरहोम घ्यायच्या विचारात आहोत. घरात माणसं सहा, मी, नवरा, साडेचार वर्षांचा मुलगा, अकरा महिन्यांची मुलगी आणि सासूबाई-सासरे. एक गाडी सगळ्यांना आवडलीय, जाहिरातीत "सहा जणांची" म्हटलंय आणि पलंग खरंच सहा जणांचे आहेत, केबिनच्या वर दोघांचा, मागे दोघांचा, आणि जेवायचं टेबल खाली पाडलं की तिथे दोघांचा. पण मी आत जाऊन एकेका सीटवर बसून बघितलं तर खांद्यावरून येणारे बेल्ट चारच निघाले. दोन पुढे, दोन टेबलाच्या मागच्या बाकावर. टेबलाच्या पलीकडचा बाक मागे तोंड करून आहे, त्याला बेल्टच नाही. आणि दाराजवळ एक लांब सोफा आहे आडवा, त्यावर नुसते कमरेचे दोन पट्टे. विकणारे म्हणाले हेच पाचवं आणि सहावं सीट, सगळे असेच बसतात.

मला ते काही पटत नाहीये. त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या म्हणतात मी आपली मागे पलंगावर आडवी होईन. आणि नवऱ्याला आमची छोटी कार मागे बांधून न्यायचीय, म्हणजे मुक्कामी पोचलो की फिरायला बरी. एवढी मोठी गाडी आम्ही दोघांनीही कधी चालवलेली नाही. तर बसायचं कसं, ओढायचं कसं, चालवताना काय बघायचं, जे माहीत असेल ते सांगा प्लीज.

पाना_पक्कड
ताई, तुम्हाला जे पटत नाहीये ते बरोबरच आहे, त्यावर ठाम राहा. मोटरहोम घेताना पलंग मोजायचे ते झोपण्यासाठी, प्रवासासाठी बेल्ट मोजायचे. चार बेल्ट म्हणजे चार माणसांची गाडी, विषय संपला.

आता आडव्या सोफ्याबद्दल सविस्तर लिहितो कारण इथेच सगळे फसतात. गाडी समोरून कशावर तरी आदळली की आतलं सगळं पुढच्या दिशेला जातं. पुढे तोंड करून बसलेल्याला बेल्ट छाती आणि कमरेच्या हाडावर धरतो, ती हाडं मजबूत असतात. मागे तोंड असेल तर सीटची पाठ धरते, तेही चांगलं, फक्त पाठ उंच आणि लोखंडी फ्रेमची हवी आणि वर डोक्याला टेकण हवं. आडवं बसलेल्याचं काय होतं, तर कंबर पट्ट्याने जागेवर राहते आणि धड कुशीवर पुढे फेकलं जातं, म्हणजे कणा आणि मान बाजूला पिळवटतात, डोकं शेजारच्या कपाटाच्या कडेवर. आपलं शरीर कुशीवरचा एवढा झटका घेऊ शकत नाही. बरं खांद्याचा पट्टा लावला तरी बरं नाही, तो मानेतच रुततो. युरोपात म्हणूनच २००५ च्या एका नियमाने असली आडवी सीटं बंद केली, ऑक्टोबर २००७ नंतरच्या नव्या मोटरहोममध्ये सोफा असतो पण तो उभ्या गाडीत बसायला, चालू गाडीत नाही. जुन्या गाड्यांत अजून दिसतात आणि विकणारे त्यांनाच सीट म्हणून मोजतात.

अजून एक करा. परत बघायला जाल तेव्हा बाकाची गादी उचला, खालची फळी काढा, टॉर्च मारा आणि बेल्टचा बोल्ट कुठे गेलाय ते डोळ्यांनी बघा. तो लोखंडी चौकटीत आणि ती चौकट चेसिसला बांधलेली असायला हवी. प्लायवूडच्या पेटीला मागून वॉशर लावून बोल्ट मारलेला दिसला तर तो बेल्ट नाहीच असं समजा. माणूस ७० किलोचा असला तरी धडकेच्या क्षणी त्या बोल्टवर काही हजार किलोचा ताण येऊ शकतो, प्लायवूड कागदासारखं फाटतं.

सावकाश_चला
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. आमचे वडील कायम मागच्या पलंगावर झोपूनच येतात, त्यांना बसवत नाही. मी गाडी ताशी ६० च्या वर नेतच नाही, ब्रेक पण हळू मारतो. इतकी वर्षं काही झालेलं नाही. वयस्कर माणसाला सहा तास ताठ बसवून नेणं हेही हालच आहेत की, आणि घरासारखी गाडी घ्यायची ती त्यासाठीच ना.

पाना_पक्कड
दादा, वडिलांच्या काळजीपोटीच तुम्ही हे करता ते कळतंय, राग कसला. पण हिशोब बघा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. या वेगाने जाणारी वस्तू जागच्या जागी थांबवणं म्हणजे ती साधारण १४ मीटरवरून खाली पडू देणं, चार मजल्यांइतकी उंची. गाडी थांबते पण पलंगावरचा माणूस थांबत नाही, तो ६० नेच पुढे येतो, मध्ये जे काही असेल त्यावर, आणि बऱ्याचदा पुढे बेल्ट लावून बसलेल्यांच्या पाठीवर. म्हणजे एकाचा बेल्ट नाही म्हणून दुसरा जातो. शिवाय समोरचा किती वेगात येतोय ते तुमच्या हातात नाही.

धडकेचं सोडा. कुणी आडवं आलं आणि ब्रेक दाबावा लागला तरी उभा माणूस, संडासात गेलेला माणूस, चहा करायला उठलेला माणूस तोल जाऊन ओट्यावर आदळतो. गाडी हलायला लागली की कुणी उठायचं नाही. पाणी हवं, बाथरूमला जायचंय, थांबवा गाडी बाजूला घेऊन.

आणि मागची खोली दिसायला भक्कम वाटते पण पुढची केबिन तेवढी कारखान्यात आदळून बघितलेली असते, मागचा घराचा भाग म्हणजे बऱ्याच गाड्यांत फोमच्या दोन बाजूंना पातळ पत्रा किंवा फायबर. त्या भिंती अपघातात माणसाला सांभाळायला बनवलेल्या नाहीत.

सावकाश_चला
चार मजले वाचून बसलो जरा. असा विचार खरंच केला नव्हता. मग बसवत नाही त्या माणसाचं करायचं काय, ते पण सांगा.

वळणवाट
मी सांगते, आमच्याकडे आईचा हाच प्रश्न होता. पुढचं प्रवाशाचं सीट तिला दिलं. तिथे पाय सोडायला जागा असते, हात टेकायला असतो, बाहेरचं दिसतं म्हणून मळमळत पण नाही, मागे मात्र गाडी झुलते. दर सव्वा-दीड तासाने थांबतो, आणि थांबलो की तिने मागे जाऊन पलंगावर खुशाल आडवं व्हायचं वीस मिनिटं, पाय वर करून. मोटरहोमचा हाच तर फायदा आहे, पलंग जवळ आहे, फक्त गाडी उभी असताना वापरायचा. दिवसाचं अंतर कमी ठेवलं की सगळं बसतं. चालवणाऱ्यालाही त्याच थांब्यात विश्रांती मिळते, दोन तासांच्या पुढे सलग चालवूच नये.

एक लक्षात ठेवा, सीट फार मागे पाडून झोपवू नका. पाठ फार कलली की धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो आणि कमरेचा पट्टा हाडावरून निसटून पोटात शिरतो. पट्टा मांडीच्या वर, ओटीपोटाच्या खाली, हाडावर घट्ट. जाड स्वेटर, शाल पट्ट्याच्या आत नको, पट्टा लावून झाला की वरून पांघरा. आणि पुढचं सीट फिरतं असेल तर निघण्याआधी ते पुढे तोंड करून खट् आवाज येईपर्यंत लॉक झालंय का हे हाताने हलवून बघा.

सावकाश_चला
हे जमण्यासारखं आहे. पुढच्या वेळेपासून वडील पुढे. आभार.

आईची_लेक
मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून म्हणून मी लिहिते. आमच्याकडे दोन लहान मुलं आणि मोटरहोम दोन्ही आहे त्यामुळे हे सगळं करून झालंय.

चाइल्ड सीट फक्त पुढे तोंड असलेल्या गाडीच्या सीटवर लावायची. मागे तोंड असलेल्या बाकावर नाही, आडव्या सोफ्यावर तर अजिबातच नाही. अकरा महिन्यांची म्हणजे बाळाचं तोंड मागेच हवं, आर १२९ हे चाइल्ड सीटचं जे नवं युरोपियन मानक आहे त्यात १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचंच आहे आणि त्यानंतरही जितके दिवस बाळ त्या सीटमध्ये मावतं तितके दिवस तसंच ठेवलेलं चांगलं, कारण लहान मुलांचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंडाची चाइल्ड सीट कधीच नाही, एअरबॅग फुटली की थेट त्या सीटच्या पाठीवर बसते.

आता मोटरहोमची खास भानगड. आयसोफिक्सच्या, म्हणजे बेल्टऐवजी गाडीच्या सीटमधल्या पक्क्या कड्यांना अडकणाऱ्या, बऱ्याच चाइल्ड सीटांना पुढे एक पाय असतो, जमिनीला टेकणारा. कारमध्ये ठीक आहे. मोटरहोममध्ये बाकाच्या पुढची जमीन बऱ्याचदा पोकळ असते, खाली सामानाचा कप्पा किंवा पाईप गेलेले असतात आणि वर नुसतं झाकण. धडकेत सगळा जोर त्या पायावर येतो आणि पाय झाकण फोडून आत जातो. मी बुटाच्या टाचेने ठोकून बघितलं होतं, पोकळ आवाज आला आणि आम्ही ती सीट तिथे लावलीच नाही. मग बेल्टने बांधायची, पाय नसलेली चाइल्ड सीट घेतली. तीही विकत घेण्याआधी दुकानातून नेऊन आमच्या बाकावर बसवून बघितली, कारण मोटरहोमचे बाक फार सरळ असतात, पाठ नव्वद अंशात, आणि बेल्टचं बक्कल कधी कधी इतक्या उंचावर येतं की चाइल्ड सीट घट्ट बसतच नाही. हाताने हलवली तर दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकायला नको.

साडेचार वर्षांच्याला नुसता कमरेचा पट्टा देऊ नका. बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी सीट, खांद्याच्या पट्ट्याशिवाय चालतच नाही. कमरेच्याच पट्ट्यावर मूल धडकेत मधून दुमडतं, पट्टा पोटात जातो, आतडी आणि पाठीचा कणा दुखावतो.

आणि टेबल! मुलं चित्रं काढत बसतात म्हणून लोक टेबल उभंच ठेवतात. टेबलाची कड बरोबर मुलाच्या पोटाशी नाहीतर गळ्याशी येते. निघताना टेबल काढून आडवं ठेवा आणि बांधा. हातात देऊ नयेत अशा वस्तूंत टॅब्लेट पण आला.

रानवाटा
बापरे, पोकळ जमिनीचं आयुष्यात डोक्यात आलं नसतं. खूप खूप आभार. म्हणजे दोन्ही मुलं मागच्या दोन बेल्टवर, सासूबाई पुढे, गाडी चालवणारा एक. झाले चार. मग दोन माणसं उरतात.

जोडकडी
ती दोन माणसं त्या छोट्या कारमध्ये. कार ओढू नका, चालवत न्या.

गंमत म्हणून नाही सांगत. तुमच्याकडे गाडी चालवू शकणारे दोघं तरी आहेतच. कारला चांगले बेल्ट, एअरबॅग सगळं आहे, बसायची सोय होते, ओढायचा सगळा व्याप संपतो आणि मोटरहोमचं वजनही दोन माणसांनी कमी होतं. अवघड रिव्हर्स असेल तर कारमधला माणूस उतरून मागे उभा राहतो. दोन गाड्या म्हणून इंधन जास्त लागेल, मान्य.

तरी ओढायचंच असेल तर खाली लिहितो.

कार चारही चाकांवर ओढणार असाल तर आधी कारचं मॅन्युअल काढा. त्यात चाकांवर ओढायला परवानगी आहे का ते स्पष्ट लिहिलेलं असतं. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद म्हणजे तेल फिरत नाही आणि चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात, गिअरबॉक्स जळतो. न्यूट्रलला टाकलं म्हणजे झालं असं नसतं. असली कार ओढायची तर तिची पुढची चाकं उचलणारी डॉली किंवा पूर्ण ट्रेलर, आणि ज्या गाडीची मागची चाकं इंजिन फिरवतं ती ट्रेलरवरच. आणि काही देशांत टो-बारने, म्हणजे दोन गाड्या जोडणाऱ्या दांड्याने, चार चाकांवर कार ओढणं कायद्यात बसतच नाही, तिथे ट्रेलरच लागतो, तेव्हा जिथे जाणार तिथला नियम आधी बघा.

चार चाकांवर ओढताना रिव्हर्स घ्यायचा नाही, एक मीटर सुद्धा. मागच्या कारची पुढची चाकं पूर्ण आडवी वळतात आणि टो-बार वाकतो. अडकलात तर कार सोडवा, मोटरहोम काढा, परत जोडा. डॉलीचंही तेच.

ब्रेक. मोटरहोमचे ब्रेक तिच्या स्वतःच्या कमाल वजनासाठी बनवलेले असतात, मागे हजार-बाराशे किलो लटकवले की ते वजन थांबवणारं कुणी नसतं. मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक हवा, ट्रेलरला असतो, कारच्या पेडलवर बसवायचं यंत्र मिळतं. आणि ब्रेकअवे स्विच, म्हणजे जोड तुटला तर केबल खेचली जाऊन मागचा ब्रेक आपोआप लागतो.

वजनाची मर्यादा पण दोन वेगळ्या असतात. एक गाडीचं स्वतःचं कमाल वजन आणि दुसरी गाडी अधिक मागचं ओझं मिळून कमाल. मोटरहोम सामानाने भरली की दुसऱ्या आकड्यातून ओढण्यासाठी काय उरतं तेच तुमचं. हिच (गाडीमागचा ओढायचा जोड), बॉल (त्यावरचा लोखंडी गोळा), टो-बार, चेन यांतल्या प्रत्येकावर आकडा असतो आणि सगळ्यात लहान आकडा खरा धरायचा.

चक्रधर
वजनाचा विषय निघालाच आहे तर मला सगळ्यात जास्त त्याबद्दल बोलायचंय, लोक बेल्टबद्दल एकवेळ ऐकतात, वजनाबद्दल ऐकत नाहीत.

रानवाटाताई, तुम्ही बघितलेली गाडी साडेतीन टनांची असेल तर कागदावरचं रिकामं वजन बघा. समजा ३०५० आहे. उरले ४५० किलो. युरोपातल्या कागदांवर या रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के भरलेली टाकी धरलेली असते, पण बाकीची माणसं नाही. पाच जणांचे ३०० धरा. पाण्याची टाकी १०० लिटर म्हणजे १०० किलो. राहिले ५०. त्यात अंथरूण, कपडे, भांडी, शिधा, छत्री-खुर्च्या, सायकली. आणि जुन्या मालकाने नंतर लावलेला एसी, सोलर, बाहेर उघडायचं कापडी छत हे तर त्या ३०५० मध्ये नसणारच. म्हणजे सहा पलंगांची गाडी सहा माणसं घेऊन कायद्याने हलूच शकत नाही असं बऱ्याचदा होतं. पाचवं-सहावं सीट नव्याने बसवून घेऊ म्हणाल तर त्या लोखंडी चौकटीचं वजन वेगळं.

म्हणून वजनकाट्यावर न्या. पूर्ण भरून, माणसं आत बसवून, आणि पुढचा-मागचा एक्सल वेगवेगळा. एकूण वजन बसतंय पण मागचा एक्सल ओव्हरलोड असं फार वेळा निघतं.

कारण मागे लटकणारं वजन. मागच्या चाकांच्या पुढे-मागे तरफ असते. समजा चाकांतलं अंतर ४ मीटर आणि मागच्या एक्सलच्या अडीच मीटर मागे रॅकवर १२० किलोची स्कूटर. मागच्या एक्सलवर १२० नाही वाढत, १९५ वाढतात, आणि पुढच्या एक्सलवरून ७५ कमी होतात. पुढचा एक्सल म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा भाग. पुढून हलकी झालेली गाडी ओल्या रस्त्यावर वळणात ऐकत नाही, वारा आला की तोंड फिरवते. ट्रेलरच्या तोंडाचं, म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या टोकाचं, वजन पण हिचवर, म्हणजे तिथेच मागे बसतं, जोडकडींनी सांगितलेल्या हिशोबात हेही धरा.

जड वस्तू खाली, दोन एक्सलच्या मध्ये. वरच्या कपाटात पोहे-पापड-टॉवेल, डबाबंद वस्तू आणि बाटल्या खाली. कपाटांना ढकलून बंद होणारे लॉक हवेत, नुसतं लोहचुंबक पुरत नाही. फ्रिजचा लॉक, ओव्हनची जाळी, टीव्ही, सगळं बघा. पाच किलोचा गॅसवरचा कुकर मागून उडत आला तर काय होईल ते सांगायला नको.

रानवाटा
हे सगळं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. कार चालवत न्यायची कल्पना त्यालाही पटलीय, पण पुढे कधी ट्रेलर लागेल म्हणून तो विचारतोय की ट्रेलर डुलायला लागतो म्हणतात ते कशाने, आणि तेव्हा करायचं काय?

जोडकडी
मुख्य कारण तोंडावर वजन कमी. ट्रेलरमधलं जड सामान मागे भरलं की तो शेपटीसारखा हलायला लागतो. उत्तर अमेरिकेतल्या ट्रेलरना एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के तोंडावर लागतं, युरोपातल्या कॅरॅव्हॅनला ५ ते ७ च्या आसपास, पण तुमच्या हिचवर आणि ट्रेलरवर जे लिहिलंय त्याच्या वर नाही. जड सामान ट्रेलरच्या एक्सलवर किंवा किंचित पुढे. वेग, उतार, आडवा वारा आणि शेजारून गेलेला मोठा ट्रक ही बाकीची कारणं.

डुलायला लागला तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, वेग आपोआप उतरू द्या. ट्रेलरचा ब्रेक वेगळा हाताने लावायची सोय असेल तर तो हलके लावा. मोटरहोमचा ब्रेक दाबायचा नाही, डुलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवत बसायचं नाही, आणि वेग वाढवून सरळ करू असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. थांबल्यावर सामान हलवल्याशिवाय पुढे निघायचं नाही, कारण तोच वेग आला की परत डुलणार.

वळणवाट
चालवण्याबद्दल जे कारपेक्षा वेगळं आहे तेवढंच लिहिते.

शेपूट. मागच्या चाकांच्या मागे दोन-अडीच मीटर गाडी असते, तुम्ही डावीकडे वळलात की ती उजवीकडे बाहेर जाते. पंपावर, भिंतीजवळून निघताना गाडी इथेच घासते. आधी सरळ पुढे काढा, मग वळवा, आणि बाहेरच्या बाजूच्या आरशात शेपूट बघत राहा. रिकाम्या मैदानात एक रेघ मारून तिच्या बाजूला गाडी उभी करून वळवून बघा, नवरा-बायको दोघांनीही, किती बाहेर जाते ते एकदा डोळ्याने दिसलं की विसरत नाही.

उंची. एसी, अँटेना, झडपा धरून मोजा आणि मीटरमध्ये चिठ्ठीवर लिहून चालकासमोर चिकटवा. पूल दिसल्यावर आठवायला वेळ नसतो.

उतार. घाट उतरायला लागायच्या आधी खालचा गिअर, मध्यावर नाही. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं, जुनं झालं की तापून उकळतं आणि पेडल मऊ पडून खाली जातं, त्यामुळे गाडी उभी राहिली असली तरी ते वेळच्या वेळी बदला. जळका वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा, निवू द्या.

टायर. मोटरहोमचे टायर झिजून जात नाहीत, वयाने जातात, वर्षातले कितीतरी महिने एका जागी वजन घेऊन उभे असतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतून रबर गेलेलं असतं. बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. सेकंडहँड गाडीत हे आधी बघा, स्टेपनीचे सुद्धा. हवा थंड टायरमध्ये तपासायची, आणि तुमच्या एक्सलवर प्रत्यक्ष किती वजन आलंय त्याप्रमाणे भरायची, म्हणून वजनकाटा. फुटलाच तर ब्रेक नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ, वेग हळूहळू उतरू दे, मग बाजूला.

पाना_पक्कड
+१. त्यात गॅसची भर. चालताना सिलिंडरचा वॉल्व्ह बंद, फ्रिज बॅटरीवर. धडक झाली की गॅस आपोआप तोडणारा रेग्युलेटर असेल तरच चालू ठेवायचा विचार करा, आणि पंपावर शिरण्याआधी कुठलीही ज्योत पेटलेली नको. दुसरं, चालू गाडीत मागची खिडकी उघडी नको. गाडीच्या मागे हवा विरळ होते आणि सायलेन्सरचा धूर त्या खिडकीतून आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसं पेंगायला लागतात आणि प्रवासाचा थकवा समजतात. डिटेक्टर बसवाच.

निळी_छत्री
वाचनखूण साठवली. आमचं कुत्रं असतं बरोबर, त्याला मोकळं सोडतो मागे. त्याचं काय?

आईची_लेक
त्यालाही तेच लागू आहे. छातीचा पट्टा बेल्टच्या बक्कलमध्ये अडकवा किंवा पिंजरा जमिनीला बांधून ठेवा. गळ्याच्या पट्ट्याला दोरी बांधू नका, मान जाते. मोकळं कुत्रं चालकाच्या पायात आलं तर ब्रेक दाबता येत नाही.

रानवाटा
अपडेट देते. काल परत जाऊन गादी उचलून बघितली, मी फळी धरली आणि नवऱ्याने टॉर्च मारला. पुढे तोंडाच्या बाकाखाली जाड चौकोनी लोखंडी पाईप होते, बोल्ट थेट त्यात. आडव्या सोफ्याचे पट्टे मात्र प्लायवूडला, एका ठिकाणी तर लाकूड वॉशरभोवती चिरलेलं. टायर सात वर्षांचे निघाले. बाकापुढची जमीन ठोकली, पोकळ.

विकणाऱ्यांना सांगितलं की आम्ही ही चार सीटांची गाडी म्हणूनच बघतोय, टायर बदलून द्या आणि वजनकाट्यावर न्यायची तयारी ठेवा. ते विचार करतायत. दुसरी एक पाच बेल्टवाली, जरा मोठ्या वजनमर्यादेची पण बघणार आहोत, तिला कुठलं लायसन्स लागतं ते नवरा तपासतोय. कार आम्ही चालवतच नेणार, सासरे आणि आम्हा दोघांतलं एक त्यात. सासूबाईंना वळणवाटताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्या म्हणाल्या पुढे बसून बाहेरचं दिसणार असेल तर पलंग नको मला.

शेवटचा प्रश्न, नवऱ्याचा. ट्रेलरच्या सेफ्टी चेन एकमेकींवर फुली करून लावायच्या म्हणतात त्या का? आणि जोड नीट बसलाय हे कळतं कसं?

जोडकडी
फुली अशासाठी की बॉलवरून तोंड सुटलं तर ते खाली रस्त्यात रुतायच्या ऐवजी चेनच्या झोळीत पडतं आणि ट्रेलर सरळ मागे येत राहतो. वळताना ताण येणार नाही इतकी ढील हवी पण रस्त्याला घासायला नको. ब्रेकअवेची केबल चेनमध्ये किंवा बॉलभोवती अडकवायची नाही, गाडीच्या पक्क्या भागाला वेगळी अडकवायची, नाहीतर जोड तुटल्यावर ती खेचलीच जाणार नाही.

तपासायचं असं. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा, तोंड बॉलवर बसवा, खटका लावा, पिन घाला. मग ट्रेलरच्या पुढच्या जॅकने तोंड परत वर उचलायचा प्रयत्न करा. मोटरहोमचा मागचा भाग त्याच्याबरोबर किंचित उचलला गेला तर जोड धरलाय. तोंड एकटंच वर आलं तर बसलेलं नाही, खाली वाकून बघा, बॉलचा आकार तोंडाशी जुळतो का ते पण, लहान बॉलवर मोठं तोंड बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच खड्ड्यात उडतं. मग लाईट, इंडिकेटर, ब्रेक लाईट एकाने मागे उभं राहून बघायचे, जॅक पूर्ण वर, ठोकळे काढा आणि ताशी दहाच्या वेगाने थोडं जाऊन ट्रेलरचा ब्रेक एकदा लावून बघा. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून हे सगळं परत हाताने तपासा, चाकांचे नट सुद्धा.